अव्वाला उपाशी कुणी ठेवलं

लातुरात मला ओळखणारी माणसं माझ्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात — बसवराजनं आईची सेवा केली. दोन खोल्यांच्या घरात, दुष्काळात, नव्या कचेरीच्या धबडग्यात म्हातारीला सांभाळलं. ते खोटं नाही. पण त्या सेवेच्या आधी काय झालं, आणि तिच्या आडोशाला मी काय लपवलं, हे या घडीपर्यंत एकाही माणसाला पुरतं ठाऊक नाही. शोभाला, माझ्या बायकोला, अर्धं कळलं होतं. उरलेलं तिलाही कळलं नाही, आणि आता ती नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अनोळखी आहात. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं नाही — चाळीस वर्षं उघडलं नाही.

सुरुवात माझ्या कामापासून करतो.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. मी उदगीरच्या तहसिलीत कारकून होतो. नव्या कचेरीला माणसं हवी होती, म्हणून बदली झाली. तिथं टेबलं पुरत नव्हती. उस्मानाबादेहून ट्रकनं आलेले दप्तरांचे गठ्ठे व्हरांड्यात तसेच पडून होते. त्यातच पावसानं दगा दिला. एक साल गेलं, दुसरंही तसंच निघालं, आणि माझ्याकडं टंचाईचं टेबल आलं. गावं अर्ज करायची, पाणी नाही, टँकर द्या. मी जाऊन बघायचं, खरंच नाही का? रोजगार हमीच्या कामावर हजेरीपटातली नावं पुकारायची, आणि नावाचा माणूस खडी फोडताना दिसतो का ते बघायचं. खोटं हुडकणं हेच माझं काम, आणि ते मला चांगलं जमायचं. पोहऱ्याचा दोर किती हात ओला आहे हे चाचपून सरपंच खोटं बोलतोय हे मी ओळखायचो. शक घेणं माझ्या अंगात मुरलं होतं. चहा देणाऱ्याचा शक, नमस्कार करणाऱ्याचा शक.

आणि त्या दोन सालांत मी डोळे मिटून एकाच माणसाचं खरं मानलं. त्या माणसाला सकाळचं दुपारी आठवत नव्हतं.

आमचं गाव उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात आई, म्हणजे आमची अव्वा — त्या भागातल्या आम्हा लिंगायतांच्या घरात आईला अव्वाच म्हणतात — आणि माझी थोरली बहीण, अक्का. अक्काचा नवरा देगलूरला वारला, तेव्हा तिची मंगल सहा वर्षांची होती. लेकीचं बोट धरून अक्का माहेरी आली आणि तिथंच राहिली. बारा वर्षं. शेत, घर, अव्वा, सगळं तिच्या अंगावर. मी महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं जायचो, शेंगा आणि तूर घेऊन परत यायचो. बदली झाल्यावर चार महिने गेलोच नाही.

चार महिन्यांनी गेलो तर अव्वा निम्मी झाली होती. दंडाची कातडी लोंबत होती. ओसरीवर बसलेली, कपाळाला ताजं भस्म, पुढ्यात पूजेचं तबक. मला बघून रडली. अक्का पाण्याला गेली होती. गावची विहीर आटलेली, दीड मैलावरून आणायचं. अव्वानं मला जवळ ओढलं, दाराकडं बघितलं, आणि कानाशी येऊन म्हणाली, “हळू बोल. ती ऐकती. बसू, मला खायला देईना रे ती. काल बी दिलं न्हाई.”

तुम्ही काय केलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला, आणि दरवेळी त्यात लबाडी आहे हे मला कळतं. कारण ते ऐकून राग आला, हे खरं — पण रागाच्याही आधी मला हलकं वाटलं होतं. एक क्षणभर. चार महिने मी फिरकलो नव्हतो, आणि आता त्याबद्दल कुणी विचारणार नव्हतं. दोष कुणाचा ते ठरून गेलं होतं.

मग मी तपास सुरू केला. हो, तपासच. अक्का दोन घागरी घेऊन आली, घामानं भिजलेली, म्हणाली, “कवा आलास? तोंड का असं केलास?” तिनं भाकरी थापली. अव्वाला वाढलं. अव्वा अशी खाऊ लागली, जणू आठवडाभर अन्न बघितलं नव्हतं. मी मनात नोंद केली — माझ्यासमोर वाढते. अक्का म्हणाली, “हळू खा गं अव्वा, मघाशीच खाल्लीस की.” मी तेही मनात ठेवलं — माझ्यादेखत बोलते, म्हणजे मागं काय म्हणत असेल? तिनं प्रेमानं पदरानं अव्वाचं तोंड पुसलं. ते तर मला नाटकच वाटलं. माणसाच्या मनात एकदा किडा शिरला की समोरच्यानं काय करावं म्हणजे तो सुटेल? अक्कानं काहीही केलं असतं, तरी ते तिच्याच अंगावर आलं असतं.

पंधरा दिवसांनी मी न कळवता गेलो, भर दुपारी. अक्का मंगलला घेऊन रोजगार हमीच्या कामावर गेली होती. शेतात काही पिकलंच नव्हतं, दुसरं करणार काय? सैपाकघराला बाहेरून कुलूप. आणि त्या दाराला टेकून अव्वा बसलेली. तिनं कुलपाकडं बोट दाखवलं. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, अजून ओला. मी विचारलं, “हे कशानं?” ती म्हणाली, “ठावं न्हाई.” ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. डाग कुणी दिला हे माझं मी ठरवलं.

शेजारच्या काशीबाईला विचारलं. ती म्हणाली, “आमी काय सांगावं बाबा? तुमच्या घरचं तुमाला ठावं. म्हातारी रडती मातर रोज.” तेवढं मला पुरलं.

त्या संध्याकाळी मी चुलत्याला आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांना ओसरीवर बोलावून बसवलं. भावा-बहिणीत बोलता आलं असतं. मी पंच बोलावले. अक्का कामावरून आली ती डोक्यापासून पायापर्यंत मातीनं भरलेली. तोंड धुवायचीही सवड मी दिली नाही.

“सैपाकघराला कुलूप कशाला लागतं?”

ती आधी माझ्याकडं, मग म्हाताऱ्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, “चूल पेटवती रे ती. मागल्या महिन्यात पदर पेटला, मी आले म्हणून वाचली. परवा हात भाजून घेतली. खाती, आन धा मिनटांत इसरती. परत पूजेला बसती. पूजा झाली की म्हणती, आता वाढ.”

“जळका पदर कुठाय?”

“पोतेरं केलं. फेकून बी दिलं.”

“बरं सुचलं,” मी म्हणालो.

मंगल दारात उभी होती. अठरा वर्षांची पोर, माझ्यापुढं कधी वर मान करून बोलली नव्हती. ती म्हणाली, “मामा, आज्जी आज सकाळी दोनदा जेवली. मीच वाढलं.” मी तिला गप बस म्हणालो. चुलता खाली बघत होता. एका म्हाताऱ्यानं “शिव शिव” म्हटलं, आणि ते कुणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मी अव्वाला घेऊन निघालो. घर माझ्या नावावर होतं. अक्काला म्हणालो, तू आता सासरी जा. ती भांडली नाही. अव्वाची गोधडी घडी करून पिशवीत घातली, आणि शोभासाठी निरोप दिला — पूजा झाल्याबिगर ती पाणी पीत न्हाई, तेवढं सांभाळ. मग मंगलला घेऊन ती देगलूरला दिराच्या घरी गेली. तिथं त्यांना एक खोली मिळाली. गावात मात्र गोष्ट मागं राहिली, आणि ती फिरत फिरत देगलूरलाही पोचली — अक्कानं आईला उपाशी ठेवलं, भावाला येऊन घेऊन जावं लागलं.

इथपर्यंत कुणी म्हणेल, चूक झाली, माणूस फसतो. मीही तसंच म्हणून बघितलं. पण खरं सांगायचं ते इथून पुढं आहे.

अव्वा लातूरला आली त्याच्या नवव्या दिवशी मी कचेरीतून घरी येत होतो. गल्लीत टँकर यायचा होता, बायका घागरींची रांग लावून उभ्या. समोरच्या घरची बाई माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत जवळ आली. “भाऊ, राग मानू नका,” ती म्हणाली, “पण म्हातारं माणूस हाय. दोन घास तरी घालायला सांगा वहिनीला.”

मला कळेना. घरात गेलो. अव्वाचं जेवण नुकतंच झालं होतं. ताट अजून पुढ्यात होतं, बोटांना वरण लागलेलं. शोभा आत भांडी आवरत होती. अव्वानं मला जवळ ओढलं, दाराकडं बघितलं, आणि कानाशी येऊन म्हणाली, “हळू बोल. ती ऐकती. बसू, मला खायला देईना रे ती.”

तेच शब्द. तीच नजर. दाराकडं मान वळवण्याची तऱ्हासुद्धा तीच.

मी तिथंच खाली बसलो. समोर अव्वा हात धुऊन परत पूजेचं तबक मांडत होती, त्या दिवसातलं तिसऱ्यांदा. पूजा झाली की तिच्या लेखी अजून जेवायचं असायचं. तिचा काही खोटेपणा नव्हता. ती खरोखर उपाशी होती, तिच्यापुरती. डॉक्टरांनी पुढं सांगितलं ते एवढंच — डोकं विसरत चाललंय, आणि अंग आतून झिजतंय, खाऊ घालून भरायचं नाही. पण डॉक्टरांची गरज नव्हती. मला त्या ताटापाशीच सगळं कळलं होतं.

आठवड्याभरात अव्वानं शोभाचा स्टोव्ह पेटवायचा प्रयत्न केला. भिंत काळी झाली. शोभा रडत म्हणाली, “सैपाकघराला कुलूप आणा.” मी बाजारातून कुलूप आणलं. स्वतः कोयंडा ठोकला. शोभा माझ्या मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, “मग अक्का—”

“तिकडचं वेगळं होतं,” मी म्हणालो.

शोभानं परत तो विषय काढला नाही. तिला माझा खोटेपणा दिसला होता, आणि तिनं तो दिसला नाही असं केलं. माझ्यावर तेव्हापासून तिचा विश्वास किती उरला असेल? ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

एक पत्र लिहायचं होतं. देगलूरचा पत्ता मला पाठ होता. ‘अक्का, माझं चुकलं, तुझं खरं होतं’ — यात किती शाई जाते? मी अंतर्देशीय पत्र आणलं, लिहिलं, आणि फाडलं. दुसरं आणलं, ते कोरंच टेबलाच्या खणात ठेवलं. मग टँकरचे अर्ज वाढले. मग उन्हाळा आला. कचेरीत साहेबांनी चार माणसांत माझं नाव घेतलं — हे बघा, एवढ्या कामात आईला घरी आणून सांभाळतोय. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, विनयानं घालतात तशी.

आता ते सांगतो, जे शोभालाही ठाऊक नव्हतं.

चैत्रात एक पाहुणा मला शोधत कचेरीत आला. लोह्याचा, शाळेत मास्तर. पांढरं धोतर, हातात पिशवी, चपलांवर धूळ. त्याच्या भाच्यासाठी मंगलला बघून आले होते. मी त्याला समोरच्या टपरीवर नेलं, बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला. तो सरळ माणूस होता. आडपडदा न ठेवता बोलला.

“पोरगी आमाला पसंत हाय. पोरालाबी. पण एक गोष्ट कानावर आली. पोरीच्या आईनं म्हातारीला उपाशी ठेवलं म्हणत्यात. म्हणून तुमी घेऊन आलात. लोक काय, कायबी बोलत्यात. तुमी मामा हाव. तुमी म्हणलात खोटं हाय, तर खोटं. मी दुसऱ्या कुणाला इचारणार न्हाई.”

त्यानं वाक्य माझ्या हातात आणून दिलं होतं. ‘खोटं आहे’ — दोन शब्द. मला ते ठाऊक होतं, त्याच्या समोर बसलेल्या माणसाइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळीच मी माझ्या घरच्या सैपाकघराला कुलूप लावून आलो होतो.

मी म्हणालो, “घरातली गोष्ट आहे. मी काय सांगू?”

त्यानं बशी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडं बघत राहिला. भला माणूस, त्यानं अजून एक संधी दिली. “म्हंजे?”

“अव्वा आता आमच्याकडं बरी आहे,” मी म्हणालो.

यातला एक शब्दही खोटा नाही. बघा वाटलं तर. हजेरीपटावर खोटी नावं लिहिणारे मुकादम मी पकडायचो, पण इतक्या सफाईनं खोटं बोलणारा मला सगळ्या जिल्ह्यात भेटला नव्हता. मास्तरानं चहा संपवला, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि “तुमाला लई सोसावं लागलं” असं म्हणून एसटी स्टँडकडं गेला.

मी बाकड्यावरून उठून त्याच्या मागं जाऊ शकलो असतो. स्टँड जवळ होतं. लोह्याची गाडी सुटायला तासभर होता. मी कचेरीत गेलो आणि टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता लिहीत बसलो.

का? खोटं आहे म्हटलं असतं, तर त्यानं विचारलं असतं — मग ही गोष्ट उठवली कुणी? एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडं नाही.

लोह्याचा नकार देगलूरला पोचला. त्यानंतर आणखी दोन ठिकाणचे पाहुणे आलेच नाहीत. दिवाळीनंतर मंगलला उमरीला दिलं, बिजवराला. त्याला आधीची दोन लेकरं होती. तो हिच्याहून सतरा वर्षांनी मोठा. लग्नाला मी गेलो होतो. मामा म्हणून अंतरपाटामागं उभा राहिलो.

पुढच्या साली अव्वानं अंथरूण धरलं, तेव्हा मी अक्काला कळवलं. ती आली ती शेवटपर्यंत राहिली. एक शब्द टोचून बोलली नाही. अव्वाला वळवणं, पुसणं, कण्या भरवणं — शोभाच्या हातून घमेलं काढून घ्यायची, “तू दमलीस, बस जरा.” एका सकाळी तिनं अव्वाला वाटीभर कण्या भरवल्या. वाटी अजून तिच्या हातात होती. तेवढ्यात समोरची बाई बघायला आली, आणि अव्वा तिला बारीक आवाजात म्हणाली, “मला सकाळपासून कुणी कायबी दिलं न्हाई.”

अक्कानं झटक्यात माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येत नाही. आनंदच होता तो. “ऐकलास का? बसू, ऐकलास का तू? अशीच म्हणायची रे ही! तिथं बी अशीच म्हणायची!”

आणि मी — मी चकित झालो. म्हणजे तसं दाखवलं. कपाळावर हात मारला. म्हणालो, “अगं, असं होय! मला काय माहीत? मला वाटलं...”

आत भांड्यांचा आवाज थांबला. शोभा ऐकत होती.

अक्का रडायला लागली. रिकामी वाटी मांडीवर, पदर तोंडाला. म्हणाली, “जाऊ दे. तुझी काय चूक? आईनं सांगितलं, लेकराला खरं वाटणारच की. आज तुझ्या कानानं ऐकलास, बास झालं मला.” तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला. दीड वर्ष मला ठाऊक होतं. त्या दीड वर्षात तिच्या लेकीचं लग्न झालं होतं.

अव्वा त्यानंतर अकरा दिवसांनी सकाळी गेली. अक्का पुढं वीस वर्षं जगली, आणि भेटेल त्याला सांगायची — माझ्या भावानं अव्वाचं लई केलं.

मागच्या महिन्यात मंगल आली होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. आता तीही साठीची आहे, नातवंडं आहेत. सवतीची दोन्ही लेकरं तिनंच वाढवली, त्यांचे संसार लावले. नवरा लवकर गेला. चार दिवस माझ्याकडं राहिली. एका दुपारी खाली बसून मेथी निवडत होती, मी खुर्चीवर. मान वर न करता तिनं विचारलं, “मामा, तवा त्या लोह्याच्या लोकांपैकी कुणी तुमाला इचारायला आलतं का?”

मी तिच्या हातांकडं बघितलं. हात चालूच होते. हे आत्ता का विचारते? कुणी सांगितलं हिला? तो मास्तर असेल का अजून? त्याच्या घरचं कुणी उमरीला भेटलं असेल? तिला ठाऊक आहे, आणि मी काय म्हणतो ते बघते आहे का? का सहज, बोलायचं म्हणून विचारते आहे? माझं वय अठ्ठ्याहत्तर. मी परत तेच करत होतो — समोरच्या माणसाचा चेहरा तपासत होतो.

“न्हाई गं,” मी म्हणालो. “कुणी आलं न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली. थोडी मेथी राहिली होती, ती निवडत बसली.

आला होता. मला विचारलं होतं. आणि मी तुझ्या आईचं नाव वाचवलं नाही, मंगल, मला ते खरं ठाऊक असताना.